व्याह्यांच्या कण्या

माझी बायको घाटावरची. लग्न होऊन कोकणात आली तेव्हा बांगड्यातला काटासुद्धा तिला काढता येत नव्हता. मासळी खायला तिला मी शिकवलं. मासळी आणायची मी, साफ करायची मी आणि आमटीही मीच करायची, हे आमच्या घरात पहिल्यापासूनच. गाव हसायचं. हसू दे. मी चौथीपर्यंत शिकलो, पण माझ्या हातच्या कोलंबीला नाव ठेवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. हे आधी सांगितलं म्हणजे जर्मनीत मी काय सोसलं ते कळेल.

त्या वर्षी बायको महिनाभर तापाने पडून होती. ताप गेला तो तोंडाची चव घेऊनच. दोन घास झाले की ताट सरकवायची. बांगड्या कोपराकडे चढायला लागल्या. लेकीने व्हॉट्सअ‍ॅपवर आईचा चेहरा बघितला आणि दोघांची तिकिटंच पाठवली. लेक-जावई लुडविग्सहाफेनला. जावई तिथल्या एका केमिकल कारखान्यात इंजिनीयर. मी आमसुलं, तिरफळं, घरचा मसाला बांधून घेतला. म्हटलं, तिकडे जाऊन हिला खायला घालतोच.

तिथे बघतो तर जावयांचे वडील आधीच मुक्कामाला. तीस वर्षं अमेरिकेत होते, तिथल्या दक्षिणेकडच्या एका बंदराच्या गावात. बायको गेल्यापासून कधी ह्या मुलाकडे, कधी कोलोनला मुलीकडे. ताठ माणूस, डोक्यावर केस भरपूर, बोलणं साखरेचं. आणि मी पडलो मुलीचा बाप. व्याह्यांपुढे काय बोलणार?

पहिल्या आठवड्यात मी तीनदा आमटी केली. बायको म्हणायची, "छान झालीय, पण आता नको." बर्फातली, डोकी काढलेली कोलंबी, तिला चव कुठून येणार?

रविवारी व्याही म्हणाले, "आज मी करतो. आमच्या तिकडचा पदार्थ, श्रिम्प अँड ग्रिट्स. विहीणबाई, तिखट चालेल ना?" मला विचारलं नाही.

मी खिडकीशी पेपर धरून बसलो. जर्मन पेपर. त्यांनी मक्याचा जाडसर रवा, त्यालाच ते ग्रिट्स म्हणत, पाण्यात आणि दुधात शिजत टाकला. त्यात लोणी, वर किसलेलं चीज. दुसऱ्या भांड्यात लसूण, कांदा, भोपळी मिरची, कोलंबी, शेवटी लिंबू. डुकराच्या मांसाच्या पट्ट्या स्वतःपुरत्या वेगळ्या तळल्या.

मी बायकोच्या कानात म्हटलं, "दूध आणि मासळी एकत्र. अंगावर कोड उठेल."

"ह्या वयात उठू दे," ती म्हणाली.

एक चमचा तोंडात घातला आणि थांबली. "अगं बाई, ह्या तर कण्या!"

तिच्या माहेरी ज्वारीच्या कण्या ताकात शिजवायचे. लग्नानंतर तिने एकदा केल्या होत्या. तेव्हा मी सांगितलं होतं, कण्या कोंबड्यांना, माणसांना भात. आजही माझं मत तेच आहे. पण त्या दिवशी बाईने वाडगा पुसून खाल्ला आणि परत मागितला. लेकीने माझ्याकडे बघितलं, तिचे डोळे भरले होते. मी पेपर उलटा केला.

मग व्याही आणि ही बोलत बसले. त्यांना हे अमेरिकेत शेजारच्या म्हातारीने शिकवलं होतं. हिने आईचं जातं सांगितलं, कण्या चाळताना अंगणात उडणारा कोंडा सांगितला. इतक्या वर्षांत मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, पण ते वेगळं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांआड तेच. ती जेवायची, हसायची. मी माझ्या आमसुलांची पिशवी उघडलीच नाही.

"फार वेळ बोलत होतीस," मी एकदा बाल्कनीत म्हटलं.

"मग काय तोंड शिवून घेऊ?"

"केस रंगवतात ते."

"रंगवू देत की. तुमच्याकडे आहेत कुठे रंगवायला?"

मग ते कोलोनला निघाले. स्टेशनवर त्यांची बॅग मी उचलली. गाडी चुकायला नको.

दुसऱ्या दिवसापासून ताट पुन्हा दोन घासांवर आलं. लेक म्हणाली, "अप्पा, कोलोनला बाबांना फोन करून विचारा ना कसं करतात."

"मला कोलंबी शिकवणार ते?"

एकटाच दुकानात गेलो. तिथल्या बाईला म्हटलं, "ग्रिट्स." ती म्हणाली, "ग्रीस? या, या," त्यांचं 'या' म्हणजे हो, आणि पाकीट हातात दिलं. घरी येऊन सगळं केलं. दूध, लोणी, चीज, मन मारून. बायकोने चमचा फिरवून बघितला.

"अहो, हा सांजा झाला."

लेकीने संध्याकाळी पाकीट वाचलं. "अप्पा, हा गव्हाचा रवा आहे. इथे रव्यालाच ग्रीस म्हणतात."

बायकोने माझं मन राखायला दोन चमचे खाल्ले आणि वाडगा सरकवला. सरकवताना बांगड्या खळकन मागे गेल्या. त्या आवाजाने मला रात्रभर झोप नाही.

सकाळी लेकीकडून नंबर लावून घेतला. "व्याहीबुवा," मी म्हटलं, "सहज केला फोन."

"बोला, बोला. विहीणबाई जेवतात ना?"

"तिकडे हवा कशी आहे?" मी म्हटलं. ते हवेचं सोडून लगेच कृतीच सांगायला लागले. दुकानात पोलेंटा म्हणा, पाकिटावर मक्याचं कणीस असतं, जाड दळलेला घ्या. दुपारी चुलीशी उभा राहून मी परत फोन लावला, स्पीकरवर ठेवला. आधी पाणी, मग थोडं थोडं पीठ, आच बारीक. "आणि पळी सोडू नका," ते म्हणाले. "सोडलीत की गुठळ्या झाल्या."

एवढ्यात बायको आली. आवाज ओळखला आणि माझ्यासमोरून फोन उचलून नेला. बाहेर खुर्चीत बसून त्यांना सांगत होती, कसा सांजा झाला ते. हसत होती. मधेच ते काहीतरी म्हणाले आणि ही आणखीन हसली. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, आणि पळी तर सोडायची नव्हती.

त्या दिवशी तिने दोनदा घेतलं. म्हणाली, "व्याहीबुवांसारखंच झालंय हो."

मी तिसऱ्यांदा वाढलं.