टाकीचं पोट आणि ताईंची खिडकी

आमचे साडूभाऊ मांसाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळतात. मीही त्याच कारखान्यात, पण माल रवाना करणाऱ्या खात्यात. म्हणजे ते दिवसभर उकाड्यात आणि मी गारठ्यात. घरी दोन सख्ख्या बहिणी, थोरली त्यांची आणि धाकटी माझी. त्यामुळे एका घरात जरा खुट्ट झालं की दुसऱ्या घरात चहाचं आधण उतरायच्या आत बातमी पोचते.

साडूभाऊ बोलायला कमी. तीस वर्षं बॉयलरच्या घरघरीत काढलेला माणूस एक तर ओरडून बोलतो, नाही तर मानेने. हे मानेने बोलतात. एकदा हलवली की हो, दोनदा हलवली की नाही, आणि हललीच नाही तर समजायचं, आपला प्रश्न त्यांना पसंत पडलेला नाही.

कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून कंपनीने बांधलेली घरं आहेत. त्यांतलं शेवटचं ताईंचं, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचं. त्यांच्या खिडकीखालून नाला जातो. कारखान्यात मांस कापतात, धुतात, गोठवतात, खोक्यांत भरतात. धुताना रक्ताचं आणि चरबीचं जे पाणी निघे, ते एका खड्ड्यात घटकाभर विसावा घेऊन त्या नाल्यात उतरे. त्याच्या वासाचं वर्णन मी करत नाही, कारण हे वाचून तुम्हाला कधीतरी जेवायला बसायचं असेल. एवढंच सांगतो, ताईंनी अकरा वर्षं ती खिडकी उघडली नव्हती. कपडे घरातच वाळत. त्यांच्याकडे गेलं की ओल्या चादरीमागून "या, बसा" असा आवाज यायचा, आणि बसल्यावर डोक्यावर टपकन पाणी पडायचं.

सरकारी खात्याची पत्रं येत. मालक ती नीट वाचत आणि 'योग्य ती कार्यवाही चालू आहे' असं उत्तर पाठवत. कार्यवाही म्हणजे ते उत्तरच. मध्यंतरी एक तरुण इंजिनीअर येऊन पडद्यावर चित्रं दाखवून गेला. एक मोठी बंद टाकी, तिच्यात जंतू, ते रक्त-चरबी खाणार, गॅस सोडणार, गॅसवर आपला बॉयलर चालणार, आणि नाल्यात जाईल ते बऱ्यापैकी पाणी असेल. मालक म्हणाले, "छान आहे." आमच्या मालकांनी 'छान आहे' म्हटलं की फाईल थेट कपाटात जाते.

मग साडूभाऊंच्या नोकरीला तीस वर्षं झाली आणि मालक घड्याळ भेट द्यायला स्वतः त्यांच्या घरी आले. दुपार होती, घरात दोन चादरी आणि एक सतरंजी वाळत होती. मालकांच्या कानामागून घाम निथळायला लागला.

"वहिनी, तेवढी खिडकी उघडता का?"

साडूभाऊंनी दोनदा मान हलवली. ताईंनी ती पाहिली आणि त्या म्हणाल्या, "उघडते की."

खिडकी उघडली तसा नाल्याचा वास आत शिरला आणि मालकांनी कपबशी खाली ठेवली.

"किती वर्षं आहे हे?"

"अकरा. त्याआधी जरा कमी होतं. तुमचा धंदा वाढला ना."

"कधी बोलला नाहीत."

"हे बोलतात का कधी?" ताईंनी नवऱ्याकडे हात केला. "आणि तुम्ही तरी कधी आला होता?"

चहा तसाच राहिला. पुढच्याच महिन्यात आमचा निम्मा माल घेणाऱ्या परदेशी कंपनीचं पत्र आलं: तुमचं पाणी कुठे जातं, बॉयलर कशावर चालतो, हे बघायला आमची माणसं वर्षभराने येतील, आणि पसंत पडलं नाही तर माल दुसरीकडून घेऊ. सरकारी पत्राला उत्तर पाठवून भागतं, गिऱ्हाइकाच्या पत्राला टाकी बांधावी लागते. कचेरीतले लोक म्हणतात टाकी त्या पत्राने बांधली, ताई म्हणतात त्यांच्या खिडकीने. मी एकदा धीर करून मालकांनाच विचारलं. ते म्हणाले, "पत्र वाचून मी 'बघू' म्हटलं होतं. मग समोर चहा आला, वहिनींची खिडकी आठवली आणि तो पिववेना."

टाकी उभी राहिली. गॅस बॉयलरला जायचा, म्हणून ती साडूभाऊंच्या गळ्यात पडली आणि बघता बघता त्यांनी तिला गळ्यातला ताईत केलं. रोज दुपारी टाकीला कान लावून उभे राहत. आतून बुडबुडे ऐकू आले की चेहरा असा होई, जणू पोराने ढेकर दिला. बॉयलरच्या काचेतून निळी ज्योत दिसू लागली. नाल्याचा वास निम्म्यावर आला.

पण ताई एवढ्यावर राजी नव्हत्या. त्यांनी शांतपणे सांगून टाकलं, "ती पाहणीवाली माणसं येतील त्या दिवसापर्यंत बघते. त्या दिवशी माझी खिडकी उघडी राहिली तर ठीक. नाही तर मी कायमची धाकटीकडे चालले."

धाकटीकडे म्हणजे माझ्याकडे, माझ्या दोन खोल्यांत. आणि ताई निघाल्या असत्या तर साडूभाऊ बॉयलर सोडून त्यांच्या मागोमाग आले असते, हे त्यांनी मान न हलवताही सगळ्यांना कळत होतं. बॉयलर सोडून त्यांना दुसरं काही येत नाही. घरी कुकरची शिट्टी झाली तरी ते उठून उभे राहतात.

पाहणीला तीन आठवडे उरले आणि एका सकाळी साडूभाऊ आमच्या थंड खात्यात आले. त्यांच्या चष्म्यावर घामाचे थेंब होते. तो न पुसताच ते म्हणाले, "टाकी जेवत नाही."

त्यांच्या तोंडून अख्खं वाक्य ऐकून मी खोकं खाली ठेवलं. ज्योत पिवळी पडली होती, बुडबुडे थांबले होते. आम्ही दोघं टाकीपासून गटाराच्या कडेने उलटे चालत निघालो आणि कापणीच्या दालनात पोचलो. तिथे आमच्या सफाईच्या मुकादमबाई रबरी बूट घालून उभ्या होत्या. कारखान्यात मालकांनंतर कोणाचा धाक असेल तर त्यांचा. बूट न धुता मालक आत आले तर त्यांनाही त्या परत पाठवतात.

साडूभाऊंनी विचारलं, "पाण्यात काय घालताय?"

"काय घालणार? जंतुनाशक."

"किती?"

"पाहणी आहे ना? मागच्या आठवड्यात दुप्पट केलं. सोमवारपासून तिप्पट. परदेशी कंपनीच्या त्या तपासनीस बाई आल्या की म्हणणार आहे, ताट कशाला, जमिनीवरच वाढते."

साडूभाऊ तिथल्या पालथ्या बादलीवर बसले. "बाई, टाकीत जंतू आहेत."

"मग मारते की."

"मारलेत तुम्ही. तेच तर काम करायचे."

मुकादमबाईंना हे पचायला वेळ लागला. "म्हणजे जंतू पाळलेत तुम्ही?"

"मी नाही. कंपनीने."

"वीस वर्षं मी इथे जंतू मारण्याचा पगार घेते. आणि भिंतीपलीकडे त्याच कंपनीने जंतू कामाला ठेवलेत? मला सांगायची पद्धत नाही कोणाला?"

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. टाकीच्या उद्घाटनाला मालक होते, इंजिनीअर होता, फोटो काढणाराही होता. मुकादमबाईंना बोलावलं नव्हतं, कारण त्या वेळी फरशी धुवायची होती.

बाई रागावल्या खऱ्या, पण उपायही त्यांनीच काढला. "हे बघा, आधी मी नुसत्या गरम पाण्याने धुणार. सगळी चरबी, सगळं रक्त त्यातच निघतं. ते पाणी तुमच्या लाडक्यांना. मग गटाराची झडप फिरवायची आणि औषधाचं पाणी जुन्या खड्ड्यात वेगळं ठेवायचं. पहिलं पाणी तुमचं, दुसरं माझं. झालं?"

साडूभाऊंनी एकदा मान हलवली.

जवळच्या मोठ्या गोठ्यात शेणावर चालणारी गॅसटाकी होती. तिथून टँकरभर शेणकाला आणून आमच्या टाकीत ओतला, म्हणजे नवे जंतू भरती केले. पण आजारी टाकीला लगेच पोटभर देऊन चालत नाही. आठ दिवस बहुतेक सगळं पाणी जुन्या खड्ड्यात वळवावं लागलं. वास परतला, आणि तिसऱ्या दिवशी ताई 'पाहणीपर्यंत इथेच, पुढचं तेव्हा ठरवू' म्हणत बॅग घेऊन माझ्या दारात.

माझ्या स्वयंपाकघराचा ताबा त्यांनी चहा व्हायच्या आत घेतला. माझा कप कुठे ठेवतात ते मला विचारावं लागे. साडूभाऊ रोज संध्याकाळी दोनदा आंघोळ करून येत आणि उंबऱ्याशीच बसत. ताई भाजी निवडताना मान वर न करता विचारत, "कसं आहे?"

"थोडं खाल्लं."

दुसऱ्या दिवशी, "कसं आहे?"

"पचलं."

शेजारच्या काकू एकदा हळूच माझ्या बायकोला म्हणाल्या, "बाळ कोणाचं गं आजारी आहे?"

पाहणीचा दिवस उजाडला. परदेशी कंपनीच्या तपासनीस बाई आल्या, मुकादमबाईंनी सांगितलं तसे बूट धुऊन आत गेल्या, आणि बॉयलरच्या काचेपाशी वाकल्या. ज्योत निळी होती, जराही हलत नव्हती. मालकांनी सुटकेचा श्वास सोडला, पण लवकर सोडला. बाईंनी नोंदवही उघडून बोट ठेवलं. "मध्ये हे काय झालं होतं?"

मालकांनी इंजिनीअरकडे पाहिलं, इंजिनीअरने साडूभाऊंकडे. साडूभाऊंची मान काही हलेना. मागून आवाज आला, "माझ्याने झालं. जास्त स्वच्छता केली."

मुकादमबाई पुढे आल्या आणि त्यांनी पहिलं पाणी, दुसरं पाणी, झडप, सगळं दाखवलं. तपासनीस बाई बराच वेळ लिहीत होत्या. मग टोपण लावत म्हणाल्या, "असा दोष मी आजवर कुठे लिहिला नव्हता. झडप मात्र आमच्या बाकीच्या कारखान्यांनाही सुचवते." माल चालू राहिला. मालकांनी तिथेच दुसऱ्या टाकीला होकार दिला. या वेळी 'छान आहे' म्हणाले नाहीत, तारीख सांगितली. आणि तिच्या उद्घाटनाचं पहिलं आमंत्रण मुकादमबाईंना.

संध्याकाळी साडूभाऊ आमच्याकडे आले ते एकदाच आंघोळ करून. काखेत एक घडी केलेली चादर होती. ती त्यांनी ताईंच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?"

"धुतली. मागच्या अंगणात वाळत घातली होती. सकाळपासून."

ताईंनी चादर उचलली. आधी लांबून, मग जवळून, मग चक्क तोंड खुपसून वास घेतला. आम्ही तिघं श्वास धरून उभे. साडूभाऊंनी पाहणीच्या वेळीही इतका धरला नसेल.

"साबण फार घातलात," ताई म्हणाल्या.

"घातला."

"आणि खिडकी?"

साडूभाऊंनी एकदा मान हलवली. मग, तेवढ्याने भागणार नाही असं वाटून असेल, तोंडानेही म्हणाले, "उघडीच ठेवून आलोय."

ताई उठल्या आणि बॅग भरायला लागल्या. भरता भरता धाकटीला बजावलं, "चहात पाणी कमी घालत जा गं." मग दारापर्यंत जाऊन माघारी आल्या आणि मला विचारलं, "तुमचा कप कुठे ठेवलाय ते सांगू का?"