मराठी कानावर पडावी म्हणून

आमच्या विट्याकडची निम्मी माणसं विट्यात राहतच नाहीत. गलाईच्या धंद्यापायी, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायच्या धंद्यापायी, कोण केरळात तर कोण बिहारात. माझा नवरा तमिळनाडूतल्या एका लहान शहरात. खाली दुकान, वर आम्ही. दिवसभर खालून भट्टीची घरघर आणि सोन्याचा पत्रा दाबायच्या मशीनचा खडखडाट. मुलगा झाला तेव्हा त्याची झोळी नेमकी त्या मशीनच्या वरच्या खोलीत बांधली होती, आणि तो त्या गोंगाटात गाढ झोपायचा. दुकानात आलेला प्रत्येक गाववाला म्हणायचा, "गलाईवाल्याचं पोरगं शोभतंय गड्या!" मलाही बरं वाटायचं. बाकीच्या बायका पोरं खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालतात आणि माझं बघा कसं शहाणं.

दोन वर्षं उलटली तरी तोंडातून 'आई' नाही, 'बाबा' नाही. नुसता एक लांबलचक 'आँ' आणि बोट दाखवणं. मी घाबरले, तर घरचे हसले. आमच्यात या दुखण्याला उत्तर तयारच असतं. घरात मराठी, शेजारच्या अक्कांची तमिळ, टीव्हीवर हिंदी. पोराचं डोकं गोंधळणार नाही तर काय होणार? परमुलखात वाढलेली गलाईवाल्यांची पोरं उशिरा बोलतात आणि गावाकडं आणून ठेवली की सुटतात, हे आमच्याकडं औषध सांगावं तसं सांगतात. प्रत्येकाकडं एक तरी उदाहरण असतं. आणि मेली ती उदाहरणं खरी होती, हेच वाईट. खोटी असती तर मी भांडले तरी असते.

यात्रेला सगळे गलाईवाले गावी येतात. देवळामागं निम्म्या देशाच्या नंबरांच्या गाड्या लागतात. त्या यात्रेत, मटणाच्या पंगतीत, माझ्या मुलाचा निकाल लागला. चुलत सासरे नवऱ्याला म्हणाले, "पोराला हितंच ठेव. मराठीबिगार कायबी कानावर पडू देऊ नगंस. दिवाळीच्या आत बोलंल बघ." नवऱ्यानं मान डोलावली. मला कोण विचारतंय? मी रस्सा वाढत होते.

नवरा परत गेला, मी आणि मुलगा विट्यात राहिलो. टीव्ही बंद. मोबाईलवरची इंग्रजी गाणी बंद. सासूबाईंनी मात्र नातवासाठी जिवाचं रान केलं, हे म्हटलंच पाहिजे. सकाळपासून त्याला ओट्यावर घेऊन बसायच्या आणि बोलत राहायच्या. "ह्यो बघ कावळा आला. ही बघ म्हस चालली. म्हण की रं, म्हस." बोलणं सुटावं म्हणून जिभेला वेखंड चोळून झालं. पोपटानं चोच मारलेला पेरू कुठून कुठून शोधून आणून खाऊ घातला. पोरगं आवडीनं खायचं. गोड होता बिचारा पेरू.

दिवाळी आली. अंगणात तो पाठमोरा बसून शेजारच्या पोरांनी केलेल्या किल्ल्यावर मावळे मांडत होता. त्याच पोरांनी त्याच्या मागं, अगदी जवळ, सुतळी बॉम्ब लावला. मी दारात होते. माझ्या हातातली पणती पडली. कुत्रं शेपूट घालून पळालं. आणि माझा मुलगा हातातला मावळा नीट उभा करून दुसरा उचलत होता.

"लय धीट हाय!" सासूबाई म्हणाल्या. "आज्यावर गेलाय."

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मी परात घेऊन त्याच्या मागं गेले आणि फरशीवर आपटली. तो वळला! मी त्याला उचलून मुके घेतले, रडले, देवापुढं साखर ठेवली. पण मन मानेना. पुन्हा मागं गेले, या वेळी परात हातातच धरून लाटण्यानं बडवली. कानठळ्या बसल्या माझ्या. तो खेळत राहिला. मघाशी त्याच्या बुडाखालची फरशी हादरली होती, एवढंच.

नवऱ्याला फोन लावला. "आवं, ह्याला ऐकू येत नाही."

"काहीतरी बोलू नकोस. परवा व्हिडिओ कॉलवर हाक मारली तर बघितलं की माझ्याकडं."

"तुमचं तोंड दिसलं म्हणून बघितलं."

"तू मोबाईलवर वाचत बसतीस आणि डोक्यात घेतीस. एकदा कानाच्या डॉक्टरची पायरी चढलीस की गावात बहिरा म्हणून नाव पडंल. पडलेलं नाव जात न्हाई. यात्रेपर्यंत थांब, मी आलो की बघू."

यात्रेपर्यंत! म्हणजे उन्हाळ्यापर्यंत. मी फोन ठेवला आणि त्याला मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या की लिहिता येणार नाहीत. पण थांबले. दर आठवड्याला विषय काढायचे, दर आठवड्याला भांडण व्हायचं, आणि सासूबाई म्हणायच्या, "आगं, त्याचा बापबी उशिराच बोलला हुता." शेवटी होळी झाल्यावर, माहेरी जाते म्हणून पलूसला गेले आणि भावाला म्हटलं, गाडी काढ.

सांगलीच्या डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी मुलाला खेळणी दिली आणि मला म्हणाल्या, "घरी हाक कशी मारता? मारून दाखवा." मी उठले, त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या खांद्याला हात लावला. त्यानं वर बघितलं, हसला. मी पण हसले. बाई माझ्या हाताकडं बघत राहिल्या, आणि मग माझ्या लक्षात आलं. मी हाक मारलीच नव्हती. कितीतरी दिवसांत मारली नव्हती. जेवायला बोलवायचं तर समोर जाऊन ताटली दाखवायची, बाहेर जायचं तर चप्पल. त्यानं मला केव्हाच शिकवलं होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

औषध पाजून त्याला झोपवलं, डोक्याला तारा चिकटवल्या, कानात आवाज सोडले. पडद्यावर रेघा चालल्या होत्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण बाई बटण फिरवून आवाज वाढवत गेल्या आणि रेघा काही बदलल्या नाहीत, एवढं कळलं.

"जन्मापासूनचं आहे, दोन्ही कान," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन करून यंत्र बसवता येतं, पण ते जितकं लवकर तितकं बरं असतं. बोलणं शिकायचं हेच वय. तुमच्या लक्षात येऊन किती दिवस झाले? इतके दिवस कुठं होता?"

"विट्यात," भाऊ म्हणाला. "त्याच्या कानावर मराठी पडावी म्हणून ठेवला होता."

मला वाटलं, ओरडावं बाईनं. चार लोकांत आमची अब्रू काढावी. ती माऊली भावाला पाणी देत बसली, कारण तो रडायला लागला होता.

परत आले तेव्हा सासूबाई ओट्यावरच होत्या. मी सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. राग होता माझ्या बोलण्यात, आणि तो त्यांना लागावा अशीच माझी इच्छा होती. त्यांनी नातवाकडं बघितलं. तो त्यांच्या पदराशी खेळत होता.

"मग वरीसभर," त्या म्हणाल्या, "मी कुणासंगं बोलतीया?"

त्यानंतर त्या त्याच्याशी बोलेनाशाच झाल्या. मांडीवर घ्यायच्या, भरवायच्या, पण तोंडातून शब्द नाही. मी सासूबाईंना सांगून थकले की आत्या, आता तर उलट जास्त बोलायचंय.

पुण्याला ऑपरेशन झालं. आता दर आठवड्याला सांगलीला बोलायच्या शिकवणीला नेते. यंत्राचा बाहेरचा भाग कानामागं बसतो, कातडीखालच्या चुंबकाला चिकटतो. काढला की पुन्हा सगळं शांत. त्याच्या बरोबरीची पोरं गोष्टी सांगतात, चुगल्या करतात. माझा पाणी म्हणतो, दे म्हणतो, नको म्हणतो. वाक्य कधी जुळेल ते डॉक्टरबाईही सांगत नाहीत, आणि मी विचारायचं सोडलंय.

गेल्या महिन्यात नवरा आला होता. मुलानं पाणी मागितलं, ते त्याला समजलं नाही, तो वैतागला, आणि झालं आमचं सुरू. "तू आधी का नेलं नाहीस?" हे त्यानं मला विचारलं! मला! माझा तोल गेला. बॉम्ब काढला, फोन काढला, त्याच्या चुलत्याला काढलं, सगळं खानदान काढलं. तो पण ओरडत होता. मुलगा दोघांच्या मध्ये उभा राहून एकदा त्याच्या तोंडाकडं, एकदा माझ्या तोंडाकडं बघत होता. मग त्यानं हात वर नेला, कानामागचं यंत्र काढलं, माझा हात ओढून तळव्यावर ठेवलं आणि कोपऱ्यात जाऊन गाड्या लावत बसला.

मी मागं धावले. "नाही रे राजा, आता नाही भांडत आम्ही, खरंच नाही भांडत," मी म्हणत होते, म्हणतच होते, आणि यंत्र माझ्या मुठीत होतं.