अकोटच्या स्टँडवरचं दूधकेळं

अंबादेवीचा प्रसाद हातावर पडला की मला त्याची भीती वाटायची. खोबऱ्याचा एवढासा तुकडा, पण चावला की गालाच्या आतून सुरी फिरल्यासारखं व्हायचं. मी तो पदराला बांधून घरी आणत असे आणि मनातल्या मनात देवीला बोल लावत असे. गालांच्या आत पांढरी जाळी धरली होती, तिच्यात लाल चट्टे. जरा बरे वाटले की पुन्हा फुटायचे. अमरावतीच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं, जांभळं औषध लावलं, गोळ्या दिल्या. जाईचा पाला चघळून झाला, नवस झाले. डॉक्टर दर वेळी म्हणत, "हा लागणारा रोग नाही, जिवालाही धोका नाही, बाई. सवय करून घ्या." ते ऐकून आमचे हे निश्चिंत झाले. ते वकील, धोका नाही म्हटलं की त्यांच्या लेखी खटला निकाली. मी मात्र भूक मारत होते, हसताना ओठ आवळत होते, हळदीकुंकवाला जाणं सोडलं होतं. जाऊबाई त्याला नखरे म्हणत. मी दिवस कसे काढते, हे कोणी विचारलं नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास माझ्या सुमतीला अकोटचं स्थळ आलं. बोलणी बहुतेक झाली होती. शेवटचं ठरवायला आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. पानं वाढली. वांग्याची तर्रीदार भाजी, ठेचा, भाकरी. मी वरणभात कालवून हळूहळू गिळत होते. मुलाच्या आई म्हणाल्या, "आमच्या हातचं आवडत नाही वाटतं?" लेकीकडे पाहून मी भाजीचा घास घेतला. तोंडात आग पेटली. डोळे गळू लागले, आणि ओठाला लावलेला पदर लाल झाला. त्या उठल्या. माझ्यापुढचं फुलपात्र दोन बोटांनी उचलून त्यांनी मोरीत ठेवलं आणि ह्यांना म्हणाल्या, "मुलीच्या आईला असा रोग आहे, हे आधी सांगायला हवं होतं."

ह्यांनी मला एस.टी. स्टँडवर बसवलं आणि मध्यस्थांच्या घरी धावले. स्टँडच्या मागे विहीर होती. मी नसले तर सुमतीचं जमेल, हा विचार इतका सरळ वाटला की मी उठलेसुद्धा.

"बाई, व्हटाले रगत लागलं तुमच्या."

भाजी विकून गावी निघालेली एक माळीण रिकाम्या टोपल्या घेऊन बसली होती. मी म्हटलं, "तोंड आलंय. वर्षानुवर्षं असंच आहे."

"अगं माय! मंग खाते काय तू? जगून कशी राहिली?"

मी पुन्हा खाली बसले आणि भर स्टँडवर रडले. तिने टोपल्या बाजूला सारल्या. चहावाल्याकडून गार दूध आणलं, आपल्याजवळचं केळं त्यात कुस्करलं. "सावकाश घे. झोंबलं तं थांब."

झोंबलं, पण उतरलं. अर्धा गिलास उरला तो तिने माझ्या हातून घेतला आणि त्याच काठाला तोंड लावून पिऊन टाकला. "टाकून काहून द्याचं?" म्हणाली. तिची गाडी लागली, ती टोपल्या घेऊन चढली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

हे परतले. "नाहीच म्हणतात." गाडीत मी त्यांना विहिरीचं सांगितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, ती अमरावती येईपर्यंत तिथेच होती. घरी पोचल्यावर सुमतीने स्थळाचं नाही, मी काही खाल्लं का तेच विचारलं.

बोभाटा झालाच. त्यापायी तिचं लग्न फार लांबलं. ती मला कधी बोलली नाही, म्हणून जास्त लागतं.

रोग अजून आहे. देवीवरचा रागही पुरता गेलेला नाही. तरी त्या दुपारी विहिरीच्या आणि माझ्या मध्ये ती बाई बसली होती, ती आपली आपण आली असं मला म्हणवत नाही. त्यासाठी मी देवीचे उपकार मानते. आता बरं कर म्हणत नाही. आजचा घास उतरू दे, एवढंच म्हणते, आणि बाकीचं तिच्यावर सोडते. बहुतेक दिवशी उतरतो.