पिवळ्या कानाची टोपी

शिवणकाकूंचं दुकान आमच्या इमारतीच्या जिन्याखाली आहे. एक मशीन, एक स्टूल आणि वरपर्यंत रचलेले कापडाचे गठ्ठे. गिऱ्हाईक आलं की स्टूल त्याला, काकू उभ्या. मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. साहित्य शिकून आता पुढे काय, असं काकू येता-जाता विचारतात आणि उत्तराची वाट न बघता मला बटणं लावायला बसवतात. आमची मैत्री अशी झाली.

काका छापखान्यात होते. यंत्रांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. काकू तरी दिवसभर त्यांच्याशी बोलतात.

"ऐकू येत होतं तेव्हा तरी कुठे ऐकायचे?" असं वर आम्हाला सांगतात.

पानगळ सुरू झाली की इमारतीतले आम्ही काही जण एक दिवस नदीकाठच्या जंगलात चालायला जातो. पायवाट पानांखाली बुजलेली असते. म्हणून पोस्टमनदादा सगळ्यांत पुढे चालतात आणि वाट फुटेल तिथे फांदीला चिंधी बांधतात. काकू सगळ्यांत मागे. त्या चिंध्या सोडवून पिशवीत भरत येतात. जंगलात कचरा राहू नये, आणि चिंधीही वाया जाऊ नये. काकूंचा नियम एकच. चिंधी दिसली नाही तर जागचं हलायचं नाही.

यंदा त्यांनी सगळ्यांसाठी एकाच ताग्यातून नारिंगी कानटोप्या शिवल्या. कुणी हरवू नये म्हणून. काकांच्या टोपीला कापड पुरलं नाही, तेव्हा तिला एक कान पिवळा लावला.

"बरंच झालं," काकू म्हणाल्या. "आपलं ध्यान लांबून ओळखू येईल."

दुपारी आम्ही नदीकाठी डबे खाल्ले आणि प्रवाहाच्या दिशेनं खाली निघालो. मी काकूंच्या पुढेच होते. वळणावर झाडांतून पिवळा कान दिसायचा. काकू समाधानानं चिंधी सोडायच्या.

पुलावर सगळे थांबले. पिवळ्या कानाच्या टोपीनं मान वळवली. टोपीखाली पोस्टमनदादा होते.

"दादा, ही टोपी तुमच्याकडे कशी?"

"माझी पाण्यात पडली ना. काका म्हणाले, मला उकडतंय, तू घाल."

"मग हे कुठायत?"

काकूंनी हातातली पिशवी उघडून आत बघितलं. ती चिंध्यांनी भरली होती.

"मी सगळ्या सोडवल्या गं," त्या मला म्हणाल्या.

बाकीच्यांना पुलावर थांबवून आम्ही तिघं मागे फिरलो. आता काकू पुढे होत्या. मागून येणाऱ्या आम्हाला वाट कळावी म्हणून त्या प्रत्येक फाट्यावर चिंधी बांधत होत्या. गाठ बसेना तिथे दातांनी आवळत होत्या. दादांनी शिट्टी फुंकली आणि लगेच खाली घेतली. कुणासाठी फुंकायची?

ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. खाली गारठा. प्रत्येक खोड मला माणसासारखं वाटत होतं. पाण्याचा आवाज सकाळी छान वाटला होता. आता तो बंद व्हावा असं वाटत होतं.

"ते बसून राहिले असतील, काकू. नियम माहीत आहे त्यांना."

"माझं एक तरी ऐकलंय का त्यांनी जन्मात?"

मग त्या थांबल्या. प्रवाहात दोन दगडांच्या मधे एक काठी अडकली होती. मुठीला निळ्या कापडाची पट्टी होती. पट्टी काकूंनीच काकांसाठी शिवलेली होती.

काकू सरळ पाण्यात उतरल्या. दादांनी दंड धरला, मी पदर धरला. त्या आम्हाला ओढत होत्या. एवढ्याशा बाईत इतकी ताकद कुठून आली? मी फक्त त्या काठीकडे बघत होते.

"सोडा मला," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांना पोहता येत नाही."

दादांनी त्यांना काठावर ओढलं आणि माझ्या हवाली करून ते वर धावले. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. काकूंचे दात वाजत होते. मग वरून शिट्टी आली. थांबली. पुन्हा आली. आम्ही दोघी तिकडे धावलो.

काका डबे खाल्ले तिथून पुढच्या पहिल्या फाट्यावर, नदीला लागूनच बसले होते. झाडाला टेकून, हात काखेत घालून, ओठ निळे पडलेले. लघवीला आडोशाला गेले, आले तर वाट पानांत आणि चिंधी नाही.

"अगं, बसलो ना! तूच म्हणतेस ना, हलायचं नाही," ते मोठ्यानं म्हणाले. "हाका मारून काय उपयोग, तुमचं उत्तर मला कुठे ऐकू येणार? म्हणून काठी सोडली पाण्यात. म्हटलं, वाहत तुमच्यापर्यंत येईल. मिळाली का?"

काकूंनी त्यांच्या पाठीत एक धपका घातला. मग त्यांचं डोकं छातीशी धरलं आणि त्यांच्या बहिऱ्या कानात काहीतरी बोलत राहिल्या. मला ऐकू आलं नाही. त्यांनाही आलं नसावं.

"काय म्हणतेस?" काका विचारत होते.

दादांनी टोपी काढून त्यांच्या डोक्यावर घातली. आम्ही उतरायला लागलो. काकूंनी काकांची बाही मुठीत घट्ट धरली होती. वाटेत काकूंनी बांधलेली एकेक चिंधी लागली. मी सवयीनं एकीकडे हात नेला.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "हात लावू नकोस."