आशीर्वादित मच्छरदाणी

सप्टेंबर १९९८, दुसरा शनिवार, संध्याकाळी पाच. गिरीज गावातल्या आमच्या देवळामागची (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) खोली. हजर: फादर, केळीची वाडी असलेले खजिनदार काका, देवळाचं सगळं शिवणकाम करणाऱ्या मावशी, आणि चिटणीस म्हणून मी. गैरहजर कोणी नाही.

विषय दोनच होते. वेदीवरच्या पवित्र पेटीला नवा पडदा आणि फादरांना मच्छरदाणी. दुसरा विषय मी फादरांना न विचारता घातला होता. त्या पावसाळ्यात त्यांना दोनदा मलेरिया झाला होता आणि वय सत्तरीच्या पुढे. तिसरा ताप यांना झेपणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. फादरांच्या खिडकीखाली वाडीचं पाणी तुंबायचं. ती वाडी काकांची, म्हणून तो मुद्दा मी यादीत घेतला नाही.

मच्छरदाणी म्हणजे चैन, असं फादरांचं म्हणणं. पण वालीवच्या एका कारखान्याने देवळाला पांढऱ्या जाळीच्या कापडाचा उरलेला तागा दिला होता, तेव्हा त्यांना नाही म्हणता येईना. मी कामाला लागले. कापड एक, शिवणारी एक, म्हणून यादी एक आणि पिशवीही एक. तिथेच घोळ झाला.

नव्या पिकाच्या सणाला आमच्याकडे भाताच्या लोंब्या, केळीचे घड, नारळ, वांगी वेदीपुढच्या टेबलावर मांडतात आणि फादर त्यावर पवित्र पाणी शिंपडतात. पडद्याला त्याच मिस्सेच्या प्रार्थनेत आशीर्वाद द्यायचं ठरलं होतं. काकांनी पिशवीतलं होतं नव्हतं ते टेबलावर मांडलं. फादरांनी चष्मा काढलेला होता. प्रार्थना झाली, पाणी शिंपडलं गेलं आणि मच्छरदाणी भिजली.

हे हसण्यावारी जाऊ शकलं असतं. पण तीन वर्षांपूर्वी कोणीतरी वेदीवरचं जुनं कापड सुकत घातलेल्या बोंबलांवर झाकायला वापरलं होतं आणि त्यावर फादरांनी मोठं प्रवचन दिलं होतं. वेदीपुढे आशीर्वाद मिळालेलं कापड घरात वापरायचं नाही, जीर्ण झालं की जाळून राख वाडीत पुरायची. ते प्रवचन गावाला पाठ होतं. फादर स्वतःच्याच नियमात सापडले.

सणानंतरच्या सोमवारी पुन्हा बैठक. तेच चौघे हजर. फादरांच्या हातांवर मच्छर चावल्याच्या ताज्या गांधी होत्या.

आशीर्वाद केळ्यांनाही मिळाला होता आणि ती तर आपण सगळ्यांनी खाल्ली, असं मी मांडून पाहिलं.

"केळं पोटात गेलं, संपलं," मावशी म्हणाल्या. "हिच्यात बसून मच्छर मारनार ना तुम्ही? पानी पडलंय तिच्यावर."

मग फादरांनी लॅटिनचा आधार घेतला. पवित्र पेटीच्या पडद्याला लॅटिनमध्ये कोनोपेउम म्हणतात. हा शब्द मुळात ग्रीक भाषेतल्या मच्छराच्या नावावरून आला. आधी त्याचा अर्थ होता निव्वळ मच्छरदाणी. पुढे श्रीमंतांच्या पडदे लावलेल्या पलंगाला तेच म्हणू लागले, मग कशावरही धरलेल्या छताला, आणि शेवटी देवळातल्या या पडद्याला. इंग्रजांचा कॅनोपी शब्दही त्यातलाच. तात्पर्य, मच्छरदाणी आणि पडदा एकाच घरातले. एवढं मनाला लावून घेण्यासारखं त्यात काही नाही.

काकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"फादर, शब्द मच्छरापासून निघून देवळापर्यंत वर चढला," ते म्हणाले. "आपली मच्छरदाणी देवळातून खाली उतरतेय."

मी दुसरी मच्छरदाणी आणायचं सुचवलं. एक असताना दुसरी आणू देणार नाही, असं फादर म्हणाले. पहिली वापरायची नाही, दुसरी घ्यायची नाही. आणि कासवछाप अगरबत्तीच्या धुराने त्यांना खोकला यायचा.

तोडगा काकांनीच काढला. फादरांच्या उशाशी भिंतीतल्या कोनाड्यात संताची मूर्ती होती. मच्छरदाणी त्या मूर्तीला अर्पण करायची. मूर्तीभोवती लावली की तिचा वापर पवित्रच. आत पलंगही येत असेल तर तो योगायोग. मी ठराव लिहिला: मच्छरदाणी मूर्तीला लावावी, फादरांनी आत झोपण्यास समितीची हरकत नाही. एकमताने मंजूर. फादर इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली.

लगेच टेप घेऊन आम्ही खोलीत गेलो. मूर्ती भिंतीत चुन्याने पक्की बसवलेली, हलणारी नव्हती. मच्छरदाणी कोनाड्यापासून लावली तर पायथ्याशी दीड हात कमी पडत होती.

पाय बाहेर राहिले तरी चालतील, असं फादर म्हणाले.

"मच्छरांना तेवढे पुरतात," मावशी म्हणाल्या.

दीड हात जोड लावणं आलं. ताग्यातलं कापड थोडं उरलं होतं, पण त्याला आशीर्वाद नव्हता, आणि अर्ध्या आशीर्वादाची मच्छरदाणी शिवायला मावशी तयार नव्हत्या. जोडाला आशीर्वाद आत्ताच द्या म्हटलं, तर काकांना तो सणाच्या मिस्सेतच हवा, नाहीतर ठरावाला अर्थ काय. म्हणजे पुढच्या वर्षापर्यंत थांबणं. मी वैतागून पिशवी घरी आणली.

नोव्हेंबरात फादरांना तिसरा ताप आला. अकरा दिवस ते इस्पितळात होते, त्यातले चार आम्ही आळीपाळीने बाहेरच्या बाकावर काढले. डॉक्टरांचा अंदाज चुकला, फादर वाचले. मी भेटायला गेले तेव्हा ते इस्पितळाच्या हिरव्या मच्छरदाणीत बसून पेज पीत होते. हिला कोणी आशीर्वाद दिलेला नाही, छान झोप लागते, असं त्यांनी मला हळूच सांगितलं.

तिथून त्यांना निवृत्त धर्मगुरूंच्या घरी पाठवलं. तिथे खिडक्यांना जाळ्या आहेत. काकांनी त्याच आठवड्यात, कोणी न सांगता, वाडीतून चर खणून तुंबलेलं पाणी काढून दिलं.

नव्या फादरांना खिडकीकडे डोकं करून झोपायची सवय, पण मग पाय कोनाड्यातल्या मूर्तीकडे येत, म्हणून त्यांनी खोली बदलली. मूर्ती तिथेच आहे. ठराव कोणी रद्द केलेला नाही. मी वही तपासली. मच्छरदाणी धुऊन, घडी करून माझ्या कपाटात आहे. तिला दीड हात जोड लावून मूर्तीभोवती बांधायची राहिली आहे.