बाबांना सांगायचं की नाही

माझे वडील बाळकुमच्या खाडीत मासे धरायचे. खाडीचं पाणी काळं पडलं, जाळ्यात चिंबोऱ्या आणि चिखलातल्या निवट्यांशिवाय काही येईना, गावाभोवती टॉवर उभे राहिले, तरी ते होडी घेऊन जातच राहिले. एका सकाळी जाळं ओढतानाच त्यांच्या छातीत कळ आली. माझ्या मोठ्या भावाने, दादाने, त्यांना रिक्षात घालून ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात नेलं. मी लग्नानंतर शहाडला राहते. मी पोचले तोवर अँजिओग्राफी झालेली. हृदयाच्या तिन्ही मोठ्या रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. बायपास करावीच लागेल, असं सांगण्यात आलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किडनीच्या डॉक्टरबाईंनी दादाला आणि मला बाहेर बोलावलं. आम्हाला आश्चर्य वाटलं, कारण किडनीचा त्रास बाबांना कधीच नव्हता. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल आहे, हे त्यांनीही मान्य केलं. पण त्या म्हणाल्या, की क्रिएटिनिन उशिरा बोलतं. किडनीला मार बसून गेला की मग ते वाढतं. म्हणून हृदयाच्या काही पेशंटचं रक्त त्या आणखी एका तपासणीला पाठवत. किडनी आतून किती दमली आहे हे त्यातून आधी कळतं. बाबांचा तो आकडा बराच चढलेला होता.

"म्हणजे काय होईल?" मी विचारलं.

"खात्रीने कोणीच सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण ऑपरेशननंतर किडनी बंद पडण्याचा धोका त्यांना इतरांपेक्षा खूप जास्त आहे. आम्ही औषधं जपून देऊ, रक्तदाब पडू देणार नाही. तरीही डायलिसिसची तयारी ठेवा. आणि पेशंटशी बोला."

त्या गेल्यावर दादा म्हणाला, बाबांना यातलं काही कळता कामा नये. माणूस आधीच घाबरलेला, त्यात हे ऐकलं तर टेबलावरच हाय खाईल. आईलाही त्याने गप्प राहायला सांगितलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

दादा औषधं आणायला खाली गेला आणि बाबांनी मला जवळ बोलावलं. आम्ही दाराबाहेर कुजबुजत होतो ते त्यांनी पाहिलेलं.

"मना सांग," ते म्हणाले. "आंग माजा हाय."

मी सांगितलं. डॉक्टरबाईंनी सांगितलं तसंच, काही न गाळता. ते छताकडे बघत ऐकत होते. मग विचारलं, ऑपरेशन नाय केलं तर? मी म्हटलं, मग हृदय कधीही थांबेल. ते म्हणाले, "करा. पन मशीन लावावी लागली न् मी बास म्हनलं, तर बास. तू ऐकायचंस."

मी हो म्हटलं.

ऑपरेशन चांगलं झालं. हृदय नीट चालू लागलं. पण दुसऱ्या दिवसापासून लघवी कमी होत गेली, आणि मग पिशवी जवळजवळ कोरडीच राहू लागली. क्रिएटिनिन आता चढत होतं. डॉक्टरबाई रोज यायच्या. काही जणांची किडनी परत चालू होते, असं त्यांनी सांगितलं. बाबांची झाली नाही.

पुढे डायलिसिस बाळकुमजवळच्या एका सेंटरमध्ये सुरू झालं. मी शहाडहून जाऊन त्यांच्याजवळ बसायचे. डायलिसिसच्या सुया टोचायला हातात तयार केलेली फुगलेली शीर ते बघतही नसत. त्यांना खरा त्रास तहानेचा होता. दिवसभराचं पाणी आई एका बाटलीत भरून द्यायची आणि ती दुपारीच संपायची. सुकट बंद, बोंबील बंद, शहाळं बंद. एकदा शेजारच्या हळदीत त्यांनी कोणाच्या नकळत तांब्याभर पाणी पिऊन टाकलं. पहाटे श्वास लागला, फुफ्फुसात पाणी झालं. हॉस्पिटलातून परत आल्यावर आईने घरातले सगळे हंडे माळ्यावर चढवले. एवढा पाण्यातला माणूस, तिच्याकडे घोटभर पाणी मागायचा आणि ती तोंड फिरवून घ्यायची.

दुसरा पावसाळा संपत आला तेव्हा ते म्हणाले, "बास."

दादा ऐकेना. त्याने रिक्षा आणली, हात धरून उठवायला गेला. बाबांनी हात सोडवून घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मग दादानेही माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नको नेऊस त्यांना, ऑपरेशनआधीच मी त्यांना सगळं सांगून शब्द दिलाय.

डॉक्टरबाईंनी श्वासाची तगमग कमी करायला औषध दिलं. त्याने कमी झाली, गेली नाही. अंगाला सूज चढत गेली. आईने त्या दिवसांत त्यांना हवं तेवढं पाणी दिलं, चमच्याने, मग ओठ ओले करून. पुढच्या आठवड्यात ते गेले.

दहाव्याला खाडीवरून परतताना दादा मला म्हणाला, "तू सांगितलंस तेव्हाच ते मेले. आपण फक्त नंतर जाळलं."

माझ्या मते मी केलं ते बरोबर होतं, आणि आजही मी तेच करेन. पण त्याचं म्हणणं मला खोडूनही काढता येत नाही. गणपतीला मी माहेरी जाते. दादा मोदक वाढतो, मुलांची चौकशी करतो, बसस्टॉपपर्यंत सोडायला येतो. बाबांचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.