डॉक्टर कोरलेलं भिंग

संशोधन संस्थेच्या भांडारात परीक्षानळ्या आणि रसायनं सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘काळजीवाहू’ म्हणत. सरकार पडलं की काळजीवाहू येतं, चार दिवसांनी जातं. हे मात्र कायमचे. कुलूप लावल्यावर स्वतः ओढून बघायचे, मग जाणाऱ्या-येणाऱ्यालाही ओढायला लावायचे.

त्यांची एक सहकारीण प्रयोगशाळेतली नोकरी सांभाळून शेवाळांवर पीएचडी करत होती. “अजून घसरतेच आहे का?” अशी थट्टा व्हायची. मध्ये एकदा शीतकपाट बंद पडून तिचे सगळे नमुने सडले. तिने डोळे पुसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. काळजीवाहूंनी ते पाहिलं होतं. म्हणूनच सगळ्यांतर्फे तिच्यासाठी पीएचडीची भेट निवडायचं काम गळ्यात पडलं तेव्हा ते हो म्हणून बसले, आणि झोप गेली.

घड्याळ द्यावं, तर ‘फार उशीर केलास’ असा टोमणा वाटायचा. प्रवासी बॅग म्हणजे ‘आता नीघ’. पेनं तिच्याकडे ढीगभर.

“अहो, तिलाच विचारा की!” बायको वैतागून म्हणाली.

“विचारून दिली तर ती भेट कसली?”

शेवटी एक घडीचं, पितळी चौकटीचं भिंग त्यांच्या मनात भरलं. शेवाळाची इवली पानं ती नेहमी उसन्या भिंगातून बघायची. कोरणाऱ्याने विचारलं, “नावाआधी डॉक्टर घालू?”

तोंडी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. घातलं तर बाजारात तुरी. नाही घातलं, तर आपल्यालाच तिची खात्री नव्हती असं दिसायचं. ते दुकानाची पायरी उतरले, पुन्हा चढले. “घाला,” म्हणाले, आणि घर येईपर्यंत पस्तावले.

दुसऱ्या दिवशी परीक्षा लांबतच गेली. बंद दारासमोर काळजीवाहू खिशातली भिंगाची डबी चाचपत उभे होते. दार उघडलं, परीक्षक कुणाकडे न बघता निघून गेले. मग ती आली. डोळे लाल.

“एक प्रकरण पुन्हा लिहायला सांगितलंय, काका. तोवर पदवी नाही.”

त्यांनी खिशावर हात दाबला. तेवढ्यानेच तिच्या लक्षात आलं.

“माझ्यासाठी आहे ना?”

“आज नको गं. मी जरा घाई केलीय.”

तिने हात पुढे केलाच. डबी उघडून अक्षरं वाचली. मग डबी मिटून परत दिली.

“तुमच्याकडेच ठेवा. झालं की मागेन. आणि खोडायला नेऊ नका हं.”

आता दुहेरी घोर. रसायनांपाशी ठेवावं तर पितळ काळं पडेल, घरी नेलं तर हरवेल. डबीची जागा रोज बदलू लागली. ती भांडारात आली की प्रकरणाचं विचारायला त्यांची जीभ रेटायची नाही. “जेवलीस का?” एवढंच विचारायचे. “जेवले,” ती म्हणायची. चेहऱ्यावरून खरं वाटायचं नाही.

मग एका दुपारी ती धापा टाकत आली. “काका, मंजूर झालं! द्या माझं भिंग.”

काळजीवाहूंना डबी सापडेना. कपाटं झाली, फळ्या झाल्या, कपाळावर घाम. ती स्टुलावर बसून हसत होती, मग तीही शोधायला लागली. अखेर फुटक्या नरसाळ्यांच्या खोक्यात, फडक्यात गुंडाळलेली डबी मिळाली.

तिने भिंग उघडलं आणि समोर शेवाळ नव्हतं म्हणून त्यांचाच अंगठा धरून त्याखाली आणला.

“अगं बाई! काका, नखं किती कुरतडलीत तुम्ही!”